महेश सापडला नाही तर

दादा, हे आत्ताच्या आत्ता सांगायला पाहिजे. उद्यावर ठेवलं तर मी ते नीटनेटकं करून टाकीन अन् मग माझं मलाच पटणार नाही. दुपारचे सव्वादोन वाजलेत. मी तुझ्या खोलीत, तुझ्या खुर्चीत बसलेय, तुझ्याच कीबोर्डवर, ज्याचं एक बटण दोनदा दाबल्याशिवाय उठत नाही. खाली टँकर आलाय, मावशी ड्रम भरून राहिली, काका पाइप धरून उभे आहेत. आणि तुझा एडिटर माझ्यासमोर उघडा आहे. नऊ दिवस तो उघडला की मरत होता. आता उघडाय, अन् मी हे त्यातच लिहून राहिले.

हे मी आपल्या ग्रुपवर पण टाकणार आहे, म्हणून मधेमधे बाकीच्यांना समजावत जाईन, तू वैतागू नको. तर महेशदादा म्हणजे माझा मावसभाऊ. तो लातूरचा, मी नांदेडची. कोडिंग मला त्यानं शिकवलं. एडिटर म्हणजे ज्यात तो सगळं लिहायचा, कोड पण लिहायचा अन् मावशीनं सांगितलेली किराण्याची यादी पण, एकाच खिडकीत, पानामागं पान. त्याला जाऊन आज तेवीस दिवस झाले. ह्याच्या पुढची माहिती कार्डावर छापली होती, ती इथं नको.

परवा मावशीचा फोन आला.

"गुड्डे, तुला येळ हाय का? दादाचा कंप्युटर रोज चालू व्हायलाय."

"चालू व्हायलाय म्हणजे? कोण करतंय?"

"कुणी हात लावत न्हाई बाई. दुपारची लाईट आली की आपोआप चालू होतो. मग त्याची ती लिहायची खिडकी उघडती, अन् लगीच बंद होती. आला, बघितलं, गेला, असं."

"काका काय म्हणतात?"

"ते म्हणतात बिघाड हाय. आसंल बिघाड. पर मी रोज दोनच्या आधी जाऊन बसते."

ते शेवटचं वाक्य ती इतकं साधं बोलली दादा, भाजी टाकली म्हणल्यासारखं, की मी फोन ठेवून बॅग भरायला घेतली. काल सकाळची पहिली गाडी धरली. लोह्याला गाडी थांबली तेव्हा मी सवयीनं फोन काढला अन् तुला 'लोहा' टाइप करायला लागले, कारण तू प्रत्येक वेळी विचारायचास कुठवर आलीस, लोहा का अहमदपूर. टाइप करून झालं तेव्हा वरचा मेसेज दिसला. माझाच. तुला पाठवलेला शेवटचा. 'सेव्ह कर.' तेवढाच. त्याच्याखाली 'लोहा' पाठवायचा धीर झाला नाही.

आता तो 'सेव्ह कर' कुठून आला ते सांगायला दिवाळीत जावं लागतं.

दिवाळीला मी तुझ्याकडं आलते. तू मला तुझा नवा तुकडा दाखवलास. तुकडा म्हणजे एडिटरला जोडायचा छोटा प्रोग्राम, स्वतः लिहिलेला. तुला सेव्ह करायचा कंटाळा. तीस-तीस पानं उघडी ठेवायचास, एकालाही नाव नाही, एकही जतन केलेलं नाही. मी ओरडले की म्हणायचास, "एडिटर लक्षात ठेवतो की. माणसानं कामून डोकं खपवायचं?" तर तो तुकडा तुझी सगळी उघडी पानं एका फायलीत दाबून ठेवायचा, अन् दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी मांडायचा. वरून काकांची नक्कल. काका देवणीला शाळेत मास्तर होते ना, तर तुझा एडिटर उघडला की हजेरी लावायचा. तारीख, वेळ, अन् पुढं 'हजर'. काकांना दाखवलंस तेव्हा ते चष्म्यातून बघून म्हणाले, "शाळेत असताना एवढी हजेरी असती तर पेढे वाटले असते."

मी तो कोड वाचला अन् म्हणलं, "दादा, तू फोल्डरचं नाव थेट लिहून टाकलंस. 'महेश'. उद्या ते फोल्डर सापडलं नाही तर?"

"माझं फोल्डर कुठं जाणाराय गुड्डे? मी हितंच हाय."

"पण समज नसलं. दोन ओळी जास्त लागतात. सापडलं नाही तर काय करायचं ते सांगून ठेव ना त्याला."

"हितंच हाय म्हणलं ना."

मला हैदराबादची नोकरी लागलेली, उन्हाळ्यापासूनची. तू आठवडाभर 'घाई करू नको' म्हणून माझं डोकं खाल्लेलं. ते सगळं एका वेळी वर आलं. मी म्हणलं, "हितंच हाय, हितंच हाय. तुझं तेवढंच. तुला लातूर सोडायची हिंमत झाली नाही, म्हणून मी पण सोडायचं नाही का?"

तू स्क्रीन माझ्याकडून परत तुझ्याकडं फिरवलीस, बस. मावशीनं चकल्या आणल्या तर तू म्हणलास, गुड्डीला दे, तिला गाडी गाठायचीय. मला कोणतीच गाडी गाठायची नव्हती दादा. मी त्या रात्री राहणार होते.

मग पाच महिने आपण बोललो नाही. जायच्या तीन दिवस आधी तुझा फोन आला. मी रिक्षात होते, आवाज नीट येत नव्हता. तू म्हणलास, "तुझ्यासाठी एक लिहून राहिलो. झालं की पाठवतो. सेव्ह नाही केलं अजून." मी म्हणलं, बरं. घरी आल्यावर मेसेज टाकला, 'सेव्ह कर.' टोमणा होता अर्धा. अर्धा माफीचा होता, पण ते तुला कसं कळणार.

तर तुझ्या त्या न मिटवलेल्या पानांमध्ये एक पान माझं होतं, अन् ते फक्त ह्याच एडिटरमध्ये उघडणार होतं. म्हणून मी आले. मावशीसाठी आले असं घरी सांगितलं.

काल पावणेदोनला मावशी तुझ्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसली. मी पलंगावर. तुमच्या लायनीचं काम चालू आहे, रोज दुपारी तास-दीड तास लाईट जाते. खोलीत गरम हवा नुसती थांबून राहिलेली. काका खाली पेपर वाचत होते, म्हणजे वाचल्यासारखं करत होते, कारण पान उलटल्याचा आवाज येत नव्हता. मग फ्रिज गुरगुरला, लाईट आली. अन् टेबलाखाली तुझ्या मशीनचा पंखा फिरायला लागला. कुणी हात लावला नव्हता. मला कारण माहीत होतं. लाईट आली की मशीन आपोआप चालू व्हावं असं तूच लावून ठेवलंस, खुर्चीतून उठायचा आळस. चालू झालं की एडिटर पण आपोआप उघडणार, तेही तूच केलंस. मला सगळं माहीत होतं दादा, तरी तो पंखा फिरायला लागल्यावर मी पाय वर घेतले.

पडदा उजळला. तुझी खिडकी आली, पांढरी. समोरच्या लोखंडी कपाटावर तिचा उजेड पडला. एक सेकंद असेल. मग गेली. कपाट परत काळं झालं. जसं बाजूच्या खोलीचं दार कुणी उघडून, आत कोण आहे बघून, परत लावून घ्यावं.

"आला अन् गेला," मावशी हळूच म्हणली. अन् पदर सावरून उठली, चहा टाकायला.

मी कामाला लागले. एडिटर उघडताच मरत असेल तर काय करायचं, हे तूच शिकवलंस, त्यामुळं सगळा वेळ तुझाच आवाज. आधी घाबरू नको. परत उघडून बघ. उघडला, मेला. फोनवर व्हिडिओ काढला, एकेक फ्रेम पुढं सरकवत बघितलं. खिडकीत वर पानांच्या पट्ट्या दिसत होत्या, खाली पान कोरं, अन् कोपऱ्यात तो छोटा कर्सर. दोन फ्रेममध्ये आहे, तिसऱ्यात नाही, चौथ्यात खिडकीच नाही. मग मशीन बंद करून चालू केलं. मेला. मग एडिटर नवीन आणून वरून बसवला. मेला. तुझी पानांची फाईल दुसऱ्या एडिटरमध्ये उघडली तर नुसते चौकोन अन् प्रश्नचिन्हं, तू दाबून बसवलेलं कुणाला वाचता येणार.

मग राहिली तुझी शेवटची पायरी. तू म्हणायचास, कशानंच ऐकलं नाही तर त्याची आठवण पुसून टाक. आधी काय उघडं होतं, कोणती पानं होती, सगळं. कोऱ्यावर चालू कर, शंभर टक्के उघडतो.

मी ती फाईल निवडली. पुसू का असं मशीननं विचारलं. माझं बोट बटणावर होतं दादा. मी घाईत होते, मला फक्त ती खिडकी उघडी राहिलेली बघायची होती, एवढंच डोक्यात. मागून मावशी चहा घेऊन आली.

"काय पुसायलीस गं?"

तेव्हा कळलं. तुझं पान त्यातच होतं. मी तेच पुसायला निघालते. अन् कॉपी घेतली नव्हती. आधी कॉपी, मग हात, ही तू शिकवलेली पहिली गोष्ट. मी बोट उचललं, 'नको' दाबलं अन् चहा घेतला.

"लेकरा, न्हाई जमलं तर राहू दे," ती म्हणली. "येतोय तेवढं बास हाय मला."

मी कॉपी घेतली. पेन ड्राइव्हवर एक, फोनमध्ये एक, स्वतःला मेल केली एक. मग शांतपणे बसले अन् मग आठवलं, तुझा तुकडा मरताना एक ओळ लिहून जातो. तू मुद्दाम तसं केलतं. म्हणायचास, मरायचं तर मर, पण कारण सांगून मर. (तुला हे सांगताना मला आत्ता लई राग आलाय. तू मात्र काही सांगितलं नाहीस.) ती ओळ शोधली. नऊ दिवसांच्या नऊ ओळी, अन् माझ्या प्रयत्नांच्या वेगळ्या. सगळ्या सारख्याच.

महेश सापडला नाही.

महेश सापडला नाही.

महेश सापडला नाही.

मी ते वाचून खुर्ची मागं सरकवली. मावशीला अक्षर दिसत नव्हतं, तिनं विचारलं काय लिहिलंय, मी म्हणलं काही नाही, इंग्रजी आहे.

फोल्डर तर समोर होतं. मी दुपारपासून त्यातच होते. नाव वाचलं, 'महेश', बरोबर. परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा दिसलं. नाव 'महेश' नव्हतंच. 'कै. महेश' होतं. तीन आठवडे कार्डावर, पेपरात, भिंतीवरच्या फोटोखाली, सगळीकडं तुझ्या नावाआधी ते अक्षर बघून बघून डोळ्याला दिसायचंच बंद झालतं.

"मावशी," मी म्हणलं, "ह्या फोल्डरचं नाव कुणी बदललं?"

मावशीनं जिन्याकडं बघितलं.

काका वर आले. चष्मा काढून पुसला. तुला माहीत आहे ते, त्यांना वर्गात चूक सांगायची असली की आधी चष्मा पुसायचे, काल मात्र चूक त्यांचीच होती अन् ते तसेच उभे राहिले.

"मीच केलं," ते म्हणाले. "चौदाव्या दिवशी पाव्हणे गेले. खोली उघडली तर हे यंत्र चालूच. समोर त्याचं नाव, नुसतं महेश. दारावरच्या पाटीला कै. लावलं होतं, त्याच्या वह्यांना लावलं होतं. मला ते बरं वाटेना. माणूस गेल्यावर नुसतं नाव ठेवणं बरोबर नाही. म्हणून तिथं पण लावलं."

"लगेच बदललं का ते?"

"नाही. संगणक ऐकत नव्हता. हे फोल्डर वापरात आहे म्हणाला. आधी बंद करा, मग नाव बदला." काकांनी चष्मा परत घातला. "वापरात आहे म्हणाला, गुड्डी. मी बराच वेळ बसलो ते वाचत. मग त्याची खिडकी बंद केली अन् नाव बदललं."

दादा, त्या खोलीत आम्ही तिघं होतो अन् कुणी कुणाकडं बघितलं नाही.

मी समजावून सांगितलं. तुकडा फोल्डर 'महेश' नावानं शोधतो, सापडत नाही, म्हणून पडतो. दिवाळीत मी हेच म्हणलतं. दोन ओळी. नाव पूर्वीसारखं केलं की उघडेल.

"म्हणजे कै. काढायचं," काका म्हणाले.

"हो. तेवढंच."

"लावताना माझा जीव गेला होता, माहिती आहे का तुला? आता काढायचं. परत लावायचं म्हणलं तर मला जमणार नाही."

"कशाला परत लावायचं?" मावशी एकदम म्हणली. "लावलंच कामून? तो येत होता. तुम्ही दारावर ते लिहिलं अन् त्याला आपलं घर सापडंना. नऊ दिवस झाले, येतो अन् माघारी जातो."

"अगं, यंत्र आहे ते."

"मग काढा की. यंत्रच हाय तर काढा."

काका रात्री जेवले नाहीत. मी पण आग्रह केला नाही, नाव त्यांनी लावलेलं, मी कोण काढणारी. आज सकाळी मी अंथरुणात होते तेव्हा वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. गेले तर काका तुझ्या जागी बसलेले, एका बोटानं एकेक अक्षर मागं खोडून राहिलेले. आधी ती मोकळी जागा. मग टिंब. मग कै. मला बघून म्हणाले, "उघड आता."

मी उघडला. पांढरी खिडकी आली. मी मनात एक म्हणलं. दोन म्हणलं. तीन. राहिली.

चौतीस पानं होती दादा. एकामागं एक भरत गेली, बाहेरून कुणी एकेक दिवा लावत यावं तशी. मावशीची किराण्याची यादी. एका कॉलेजच्या साइटचं अर्धं काम. कुणालातरी लिहिलेली लई खवट मेल, न पाठवलेली. अन् सगळ्यात पुढं हजेरी, कारण ती तू पहिल्या पानावर ठेवायचास.

काका वाकले. हजेरी बघितल्यावर मास्तरांना राहवतं का. बोट ठेवून वरून खाली वाचायला लागले, ओठातल्या ओठात, हजर, हजर, हजर. मग बोट थांबलं.

"गुड्डी, हा कोणता दिवस?"

त्या दिवशीच्या दोन ओळी होत्या. सकाळी दहा वाजून बारा, हजर. ती तुझी. अन् दुपारी एक पन्नास, हजर. एक पन्नासला आपण सगळे कुठं होतो ते काकांना माहीत आहे अन् मला माहीत आहे.

त्याच्या खाली दुसरा दिवस, हजर. तिसरा, हजर. रोज एक ओळ, दोनच्या मागं-पुढं. मी घाईघाईनं सांगितलं, लाईट काका, लाईट आली की मशीन चालू होतं, मग एडिटर उघडतो, मग तो ओळ लिहितो, हे सगळं दादानं लावलेलं आहे, ह्यात काही नाही. काका मान हलवत होते अन् बोट खाली सरकवत होते. दहावा, हजर. बारावा, हजर. तेरावा, हजर. त्याच्या खाली एकदम नुसतं पांढरं. काहीच नाही. मग आजची सकाळ.

"तेरा दिवस," काका म्हणाले. "तेरा दिवस होता. चौदाव्या दिवशी मी नाव काढलं."

मी म्हणलं तसं नाही काका. 

मग ते म्हणाले, "तेराव्याला लाईट गेली नव्हती."

"गेली असेल काका. गडबडीत लक्षात नाही आलं."

"कूलर दिवसभर एक मिनिट बंद पडला नाही. पंगत होती, मी दर घटकेला बघत होतो, गेली तर काय करायचं म्हणून. अन् ही खोली कुलपात होती, भांडी ठेवली होती. किल्ली माझ्या खिशात."

तेरावा दिवस, दोन वाजून पाच मिनिटं, हजर. मशीन बंद होऊन चालू झाल्याशिवाय, नाहीतर कुणी हातानं उघडल्याशिवाय, ती ओळ येऊच शकत नाही. मी तुझा कोड तीनदा वाचला दादा. तुला विचारायचं होतं. तुलाच विचारते ना मी असलं काही अडलं की.

माझं पान सगळ्यात शेवटी होतं. चौतिसावं. मला वाटलं होतं पत्र असेल. दिवाळीचं काहीतरी, रागावलेलं, नाहीतर माफ केलेलं, नाहीतर हैदराबादला गेल्यावर काय काय सांभाळ असलं. मी काका-मावशीला म्हणलं, मला जरा एकटीला वाचू द्या. ते खाली गेले.

पत्र नव्हतं. कोड होता. तुझ्या तुकड्यात बदल करायचा होता, वर दोन ओळी तू मराठीत लिहिलेल्या, स्वतःला आठवण म्हणून लिहायचास तशा.

'गुड्डीचं बरोबर हाय. मी कायम हितंच राहीन असं धरून लिहिलतं. असं धरू नये.'

अन् त्याच्या खाली कोडची एक ओळ, अर्धी. मराठीत सांगायची तर एवढीच: महेश सापडला नाही तर

पुढं काही नाही. टिंब पण नाही. तिथं कर्सर लुकलुकत होता, तू सोडलेल्या जागी, वाट बघत असल्यासारखा.

हैदराबादचं काहीच नव्हतं. मी वर-खाली शोधलं. पुढच्या आठवड्यात मला तिकडं हजर व्हायचंय अन् तू जा म्हणलास का नको म्हणलास, हे आता राहिलंच. पण तू मला बरोबर म्हणलास. तू मला कधी कोडवरून बरोबर म्हणलाच नव्हतास, माहिती आहे का? 'चालतंय' म्हणायचास. आठ वर्षांत चालतंय, बघू, अन् हे काय करून ठेवलंस. मी तोंडावर तुझी ती कुबट उशी धरून रडले, मावशीला ऐकू जाऊ नये म्हणून. दिवाळीत जे बोलले ते खोटं होतं दादा. हिंमत नसलेला माणूस स्वतःच्या कोडमध्ये स्वतःच्या नसण्याची ओळ लिहायला घेत नाही.

मग तोंड धुतलं अन् तुझी ओळ पुरी केली. महेश सापडला नाही तर, 'कै. महेश' मध्ये बघ. तोही सापडला नाही तर पडू नको, थांबून राहा. दोन ओळी लागल्या. मी म्हणलंच होतं दोन लागतील. सेव्ह केलं.

खिडकी बंद केली अन् काकांना वर बोलावलं. "आता कै. लावलं तरी चालतं," मी म्हणलं. "दोन्ही नावानं सापडतो."

त्यांनी परत चष्मा पुसला. मला वाटलं लावणार नाहीत. मग बसले अन् एका बोटानं लावलं. कै. मग टिंब. मग मोकळी जागा. मावशी दारात उभी राहून बघत होती.

पावणेदोनला आम्ही तिघं बसलो. मावशी उंबऱ्यावर, मी पलंगावर, काका पहिल्यांदाच आत, भिंतीला टेकून. फ्रिज गुरगुरला. पंखा फिरला. कपाटावर उजेड पडला.

राहिला.

पहिल्या पानावर एक नवी ओळ आली, आपोआप, आमच्या समोर. आजची तारीख, दोन वाजून नऊ मिनिटं, हजर.

"आला," मावशी म्हणली. ह्या वेळी ती उठली नाही. बसून राहिली.

काका म्हणाले, "ते 'हजर' काढता येतं का गुड्डी?"

"येतं. एक ओळ आहे. काढू?"

तेवढ्यात खाली टँकरचा भोंगा वाजला. काका गुडघ्यावर हात ठेवून उठले. "राहू दे," म्हणाले. "वर कै. लिहिलंय ना. मग खाली लावू दे हजेरी." अन् पाइप धरायला गेले.

तेव्हापासून मी हे लिहून राहिले. चौतिसाव्या पानावर, तुझ्याच ओळीच्या खाली. अन् हो, सेव्ह केलंय.

आता ग्रुपवरच्यांना विचारते, कारण दादा सांगणार नाही. बाकी सगळ्याचं कारण माझ्याकडं आहे, लाईटचं आहे, फोल्डरचं आहे. तेराव्या दिवशी दोन वाजून पाच मिनिटांचं नाही. खोली कुलपात, लाईट चालू, किल्ली काकांच्या खिशात. तुमच्या घरी गेलेल्या माणसाचं काही असं आपोआप चालू झालंय का कधी? अन् झालं असेल तर तुम्ही काय केलंत, बंद केलंत का राहू दिलंत?